मधला चेंडू

माझ्यावर सगळ्यात जास्त उपकार बाईंचे आहेत. हे सुरुवातीलाच लिहून टाकतो, कारण पुढे टेनिसचं इतकं येईल की ते सांगायचं राहून जाईल.

क्लबात त्यांना सगळे ‘बेन’ म्हणत. ज्या कॉलेजात त्या गणित शिकवत तिथे ‘मॅडम’. बाई म्हणणारा मी एकटा. खानदेशातल्या ज्या तालुक्याच्या गावी मी शिकलो तिथे शिकवणाऱ्या स्त्रीला बाईच म्हणतात, दुसरा शब्द मला ठाऊक नव्हता. पहिल्यांदा तसं म्हणालो तेव्हा त्या हसल्या. “आमच्या आजोबांच्या वेळी बडोद्यात म्हणायचे असं. आता तू आलायस. चालू दे.”

त्यांचे आजोबा संस्थानच्या नोकरीत होते, घरात पुस्तकांची कपाटं होती. माझे वडील जिनिंगमध्ये कापसाच्या गाठी उचलत. आमच्या घरात पदवीपर्यंत पोचलेला मी पहिला. बी.एस्सी. झालो, बाजव्याजवळच्या एका कारखान्याच्या प्रयोगशाळेत लागलो, आणि छाणीत एक खोली भाड्याने घेऊन राहू लागलो. बडोद्यात माझं कुणी नव्हतं. कारखान्याच्या वसाहतीत एक टेनिस कोर्ट होतं. साहेबलोकांनी तिथे खेळणं सोडलं होतं, आणि कोर्टाच्या बाजूला एक उंच भिंत होती. एका सहकाऱ्याने जुनी रॅकेट दिली. त्या भिंतीशी मी टेनिस शिकलो. भिंत कधी हरत नाही आणि कधी बोलत नाही, त्यामुळे मला हरायची सवय झाली, बोलायची मात्र झाली नाही.

कारखान्याचा संघ क्लबात मैत्रीचा सामना खेळायला गेला होता तेव्हा बाईंनी मला पाहिलं. सामना संपल्यावर मी नळावर तोंड धूत होतो. पन्नाशी ओलांडलेल्या, केस घट्ट बांधलेल्या, पांढऱ्या बुटांवर लाल माती बसलेल्या एक बाई शेजारी येऊन उभ्या राहिल्या.

“मिक्स्ड खेळशील?”

“कुणाबरोबर?”

“माझ्याबरोबर. आणखी कुणाबरोबर?”

मी नळ बंद केला. आमच्या शाळेत मुलींचे बाक वेगळे, रांग वेगळी, खेळाचा तास वेगळा. मुलगा आणि मुलगी एका संघात असू शकतात, दोघांचे गुण मिळून एकच होतात, ही गोष्टच माझ्या कधी पाहण्यात आली नव्हती. मी हो म्हणालो ते बाईंना नाही म्हणता येत नाही म्हणून.

आईला फोनवर सांगितलं, एका प्राध्यापक बाईंबरोबर टेनिस खेळतो.

“बरोबर म्हणजे? त्यांच्याविरुद्ध?”

“नाही गं. त्यांच्या बाजूने. आम्ही दोघं एकीकडे.”

आई म्हणाली, “म्हंजे तू चुकलास तर त्यांचंबी नाव जाईल की रे. नीट खेळ बाबा.”

तेव्हापासून मी नीट खेळायचा प्रयत्न करतो आहे.

बाईंनी मला फक्त टेनिस शिकवलं असं नाही. वासण्यातल्या त्यांच्या घरी दर शनिवारी मी जाऊ लागलो. व्हरांड्यात बसवून त्या मला इंग्रजीतून प्रश्न विचारत. तुमच्या प्रयोगशाळेत काय चालतं ते सांग. नमुना बिघडला तर काय करतोस ते सांग. मी अडखळलो की थांबत, पण शब्द पुरवत नसत. “तुला येतंय. वाट पाहा. मी कुठे जात नाही.” त्या शनिवारांमुळे मी पुढे बढतीच्या मुलाखतीत बोलू शकलो, नोकरी करता करता एम.एस्सी. झालो, चार माणसांसमोर उभं राहू लागलो. मग आतून शेव-उसळीचा वास आला की त्या म्हणत, “चल, आजचं इंग्रजी संपलं.”

पण कोर्टावर एक विचित्र गोष्ट होती.

दुहेरीत दोघं शेजारी उभे असतात, आणि दोघांच्या बरोबर मधून येणारा चेंडू कुणी घ्यायचा हे आधी ठरवावं लागतं. साधी रीत अशी की ज्याचा फोरहँड, म्हणजे रॅकेटचा हात, मधल्या बाजूला असेल त्याने घ्यावा. बाई डावीकडे उभ्या राहत, मी उजवीकडे. दोघंही उजव्या हाताचे. म्हणजे मधला चेंडू सरळ त्यांच्या फोरहँडवर. माझ्या बाजूने तो बॅकहँड होता, आणि माझा बॅकहँड भिंतीशी शिकलेला, तकलादू.

तरी बाई तो चेंडू घेत नसत. त्या एक पाऊल टाकत आणि थांबत. दारातून आत जाताना आतून कुणी बाहेर येत असेल तर आपण बाजूला होऊन थांबतो, तसं. चेंडू आमच्या मधून निघून जाई.

“बाई, तुमचा होता.”

“माहीत आहे.”

“मग?”

“डोक्याला माहीत आहे. पायांना नाही.”

मी म्हणालो, आपण बाजू बदलू. त्या नको म्हणाल्या, आणि इतक्या पटकन म्हणाल्या की मी पुन्हा विचारलं नाही. वर्षभर मी माझ्या बॅकहँडवर मेहनत घेतली. कारखान्याची पाळी संपली की त्या भिंतीपाशी जायचो आणि फक्त बॅकहँड मारायचो. हळूहळू मधला चेंडू मी घ्यायला लागलो. बाई “शाब्बास” म्हणत. पण प्रत्येक वेळी, चेंडू माझ्या रॅकेटवरून पलीकडे गेल्यावरसुद्धा, त्या त्या मधल्या जागेकडे एक क्षण बघत.

एका संध्याकाळी त्यांनी स्वतःहून सांगितलं. क्लबात दोन कोर्टं आहेत. पुढचं, ज्याच्या एका बाजूला बसायला पायऱ्या आहेत, आणि मागचं, कडुनिंबाच्या सावलीतलं, जिथे दुपार कलली की अंधारून येतं. आम्ही मागच्या कोर्टाच्या बाकावर बसलो होतो.

त्यांना एक धाकटा भाऊ होता. डावखुरा. लहानपणापासून दोघं मिश्र दुहेरी खेळायचे, तो उजवीकडे, त्या डावीकडे. तो डावखुरा असल्यामुळे दोघांचेही फोरहँड मधे यायचे. तेव्हा दोघांनी ठरवून टाकलं होतं, मधला चेंडू त्याचा. त्या मग कधी त्या चेंडूकडे गेल्याच नाहीत.

“आम्ही चांगले होतो,” बाई म्हणाल्या. “बढाई नाही मारत. वेगवेगळे खेळलो तर बरे, एकत्र खेळलो तर चांगले. पण आमच्यासारख्या जोडीने जायचं कुठे? व्यावसायिक टेनिसमध्ये पुरुषांच्या स्पर्धा वेगळ्या गावी, बायकांच्या वेगळ्या. मिश्र दुहेरी फक्त अगदी मोठ्या चार-दोन ठिकाणी, आणि तिथे पोचायचं ते आपापल्या एकेरीच्या जोरावर. जागतिक क्रमवारीत तिचे गुणसुद्धा धरत नाहीत. म्हणजे खेळ आहे, पण तो खेळून कुणी खेळाडू होऊ शकत नाही.”

भावाला व्यावसायिक व्हायचं होतं. तो एकटा गेला. जायच्या आदल्या दिवशी क्लबाच्या स्पर्धेत दोघांचा अंतिम सामना होता. तो मागच्या कोर्टावर लावला होता, पुढे बक्षीस समारंभाची तयारी चालली होती म्हणून. एकेक सेट झाला आणि उजेड गेला. लाउडस्पीकरवरून कुणीतरी सांगितलं, दोन्ही जोड्या विजयी. भाऊ म्हणाला, ताई, तिसरा सेट मी परत आल्यावर.

तो परत आला नाही. दूरच्या एका गावी, कुठल्याशा स्पर्धेच्या वेळी कावीळ झाली. खोलीत बरोबर होता तो दुहेरीचा जोडीदार, त्याच आठवड्यात भेटलेला, अनोळखी. घरी कळेपर्यंत उशीर झाला होता.

“मी बरोबर असते तर ओळखलं असतं मी,” बाई म्हणाल्या. “डोळे पिवळे झालेले कळतात ना रे माणसाला.”

कडुनिंबाखाली चांगलंच अंधारलं होतं. त्यांनी उठून कोर्टाकडे पाहिलं आणि म्हणाल्या, “एकदा, फक्त एकदा, मिक्स्डचा अंतिम सामना पुढच्या कोर्टावर, अंपायर लावून, तीन सेटचा आणि शेवटपर्यंत. मला एवढंच हवंय.”

म्हणजे हे सगळं एवढ्यासाठी होतं. मी, माझा बॅकहँड, आमचा सराव. मला त्याचं वाईट वाटलं नाही. कुणाच्या तरी जागी उभं राहायला मिळालं, याचाच मला अभिमान वाटला. पण त्या दिवसापासून कोर्टावर आम्ही तिघं आहोत असं वाटायला लागलं. सर्व्हिसची वाट पाहत वाकून उभा राहिलो की डाव्या खांद्याशी, बाईंच्या आणि माझ्या मधे, थोडी जागा कुणीतरी घेतली आहे असं वाटे. मागे वळून पाहायचा धीर होत नसे. वळलो असतो तर बाई दिसल्या असत्या, एवढंच. तरीही.

क्लबाची स्पर्धा उत्तरायणनंतरच्या, म्हणजे पतंगांच्या संक्रांतीनंतरच्या आठवड्यात असते. सामन्याआधी दोन्ही बाजूंचे खेळाडू वाकून कोर्टावरचा मांजा वेचतात, नाहीतर पायात अडकतो. त्या स्पर्धेत मिश्र दुहेरी शेवटच्या दिवशी, लिंबू-चमच्याच्या आधी उरकून घेत. सासरे आणि सून, काका आणि पुतणी अशा जोड्या, एक आखूड सेट, सगळे हसत.

सेक्रेटरी मनाने उदार माणूस होता. कापडाचं दुकान होतं, सगळ्यांना खाऊ घालायचा. बाई दरवर्षी त्याच्यापुढे जाऊन बसत.

“बेन, मिक्स्ड तो मजानी रमत छे,” तो म्हणे. मिक्स्ड म्हणजे मजेचा खेळ. “एमां अंपायर शुं करवो?”

“तो पुरुषोनी शेनी छे? रडवानी?” बाई त्याच्याच भाषेत विचारत. मग पुरुषांचा कसला, रडायचा?

तो पोट धरून हसे आणि चहा मागवे, आणि विषय तिथेच राही. मग त्याने परदेशाचा दाखला काढला. तिथल्या मोठमोठ्या स्पर्धांतसुद्धा मिश्र दुहेरीला तिसरा सेट नसतो, त्याऐवजी दहा गुणांचा टायब्रेक खेळतात.

“ते खरं आहे ना?” त्याने मलाच विचारलं.

खरंच होतं. मी मान हलवली.

“तिथे अर्धं वाढतात म्हणून आपणही अर्धंच वाढायचं का?” बाई म्हणाल्या. “तुमच्या घरी जेवायला बोलावून अर्धी रोटली वाढता का शेठ?”

हे त्याला लागलं. आपल्या पाहुणचारावर त्याचा जीव होता. म्हणाला, ठीक. पुढचं कोर्ट, अंपायर, तीन सेट. पण जोड्या तुम्ही आणा. आणि उजेड असेल तर.

जोड्या बाईंनीच आणल्या. वासण्यात घरोघरी जाऊन आणल्या. एका घरी सासूबाई म्हणाल्या, सून पुरुषाबरोबर कशी खेळेल? बाई म्हणाल्या, तुमच्या मुलाबरोबरच खेळेल, तुम्ही बघायला या. त्या आल्या, आणि पहिल्या पायरीवर बसून सुनेपेक्षा मुलालाच जास्त ओरडल्या.

आम्ही अंतिम सामन्यात पोचलो. समोर एक दंतवैद्य जोडपं होतं, दोघंही डॉक्टर, दोघंही माझ्यापेक्षा थोडे मोठे. पण पुरुषांचा अंतिम सामना आमच्या आधी लागला होता आणि तो लांबला. आमचा सुरू झाला तेव्हा पायऱ्यांवरचं ऊन जवळजवळ गेलं होतं.

डॉक्टरने बाईंना पहिली सर्व्हिस हळूच टाकली. क्लबाची रीतच होती, बाईमाणसाला जोरात मारायचं नाही, वयस्कर असेल तर मुळीच नाही. बाईंनी तो चेंडू हातात झेलला आणि परत टाकला.

“डॉक्टर, दाढ काढतानाही असाच हात ठेवता का?”

सगळ्यात मोठ्याने हसली ती त्याची बायको. पुढची सर्व्हिस जोरात आली आणि बाईंनी ती त्याच्या पायाशी परतवली. तिथून सामना खरा झाला. पहिला सेट आम्ही घेतला, दुसरा त्यांनी. मधले चेंडू मी घेत होतो. बॅकहँड टिकत होता.

एकेक सेट झाला आणि अंपायरने वर आभाळाकडे पाहिलं. बक्षिसांचं टेबल मांडून झालं होतं. सेक्रेटरी माइक घेऊन उभा राहिला. वाईट हेतू नव्हता त्याचा. लोक घरी निघतील, थंडी पडली आहे, एवढंच त्याच्या मनात.

“बेन, हवे टायब्रेक करी नाखो ने,” त्याचा आवाज लाउडस्पीकरमधून सगळीकडे घुमला. “नहीं तो ट्रॉफी बंने जोडीने आपीए. तमे बधां जीत्यां!”

आता टायब्रेक करून टाका, नाहीतर ट्रॉफी दोन्ही जोड्यांना देऊ, तुम्ही सगळे जिंकलात. बाई खुर्चीवर बसल्या होत्या. त्या बुटाची नाडी बांधायला वाकल्या आणि त्यांच्या बोटांना नाडी सापडेना. मी पाहत होतो. नाडी बांधलेलीच होती.

मी काहीतरी बोलायला हवं होतं. इंग्रजीत, मराठीत, कशातही. पण जाळीपलीकडून आवाज आला तो डॉक्टरीणबाईंचा. आखा दिवस मी लोकांच्या तोंडात बघते, असं त्या गुजरातीत म्हणाल्या, आज बाहेर आले आहे, पूर्ण खेळल्याशिवाय जाणार नाही. मग नवऱ्याकडे वळून, “अने तमे पण नहीं.” तुम्हीही नाही. पायऱ्यांवर हशा झाला, टाळ्या पडल्या. समारंभासाठी मंडपवाल्याने दोन खांबांवर हॅलोजन लावले होते. ते कोर्टाकडे वळवले.

त्या उजेडात तिसरा सेट झाला.

दोन दिवे दोन बाजूंनी होते, त्यामुळे प्रत्येकाच्या दोन-दोन सावल्या पडत होत्या. मातीवर आमच्या बाजूला त्या एकमेकींत मिसळत, लांब होत, आखडत. त्यातली कुठली माझी आणि कुठली बाईंची हे हललं की कळायचं. पण आम्ही दोघं स्थिर उभे असताना मधे एक दाट सावली असायची. दोन सावल्या एकावर एक आल्या की तशी दिसणारच. मी विज्ञानाचा विद्यार्थी आहे. त्या वेळीही मला हे समजत होतं, आणि त्याचा उपयोग होत नव्हता.

गेमला गेम होत पाच-पाचपर्यंत आलो. मग आमची सर्व्हिस त्यांनी मोडली. सहा-पाच. डॉक्टरीणबाई सर्व्हिस करत होत्या. मॅच पॉइंट. बाईंनी सर्व्हिस परतवली, चेंडू दोनदा इकडून तिकडे गेला, आणि मग डॉक्टरने तो सपाट, वेगात, बरोबर आमच्या मधून मारला.

मी निघालो होतो. हे मला नक्की आठवतं. रॅकेट मागे गेली होती, पाऊल पडलं होतं. ज्या फटक्यासाठी वर्षभर भिंतीपाशी घाम गाळला तोच हा फटका. आणि मी थांबलो. आवाज ऐकला नाही, काही दिसलंही नाही. आपल्याला वाट ओलांडायची असते, समोरून कुणी घाईने येतं आणि आपण अंग चोरतो, तसं मी अंग चोरलं. मी जागा करून दिली.

पलीकडे बाईंनीही तेच केलं होतं. चेंडू आमच्या मधून गेला, रेषेच्या आत पडला, आणि मागच्या जाळीला लागून तिथेच राहिला.

टाळ्या वाजत होत्या. बाई माझ्याजवळ आल्या.

“तूही सोडलास.”

“हो.”

“का रे?”

“मला वाटलं...” मला पुढचं येईना. त्यांनी शब्द पुरवला नाही, शनिवारी थांबत तशाच थांबल्या. “कुणीतरी घेतोय असं वाटलं.”

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग मागे जाऊन त्यांनी तो चेंडू उचलला, पदराने पुसावा तसा हाताने पुसला, आणि जाळीपाशी जाऊन डॉक्टरीणबाईंच्या हातात दिला. परत येताना त्या हसत होत्या. “संपला एकदाचा,” म्हणाल्या.

त्यानंतर त्या फार खेळल्या नाहीत. गुडघे दुखू लागले, मग लहानसहान गोष्टी विसरू लागल्या. मुलीने त्यांना पुण्याला नेलं. मी अजून त्याच क्लबात खेळतो. अजूनही पुढच्या कोर्टावर मधला चेंडू माझ्याकडून सुटतो. जोडीदार वैतागतात. “भाई, कोना माटे छोडो छो?” एकाने विचारलं. कुणासाठी सोडता? मी म्हणालो, सवय आहे.

मधे परदेशातल्या एका मोठ्या स्पर्धेने मिश्र दुहेरीचा दर्जा वाढवायचं ठरवलं. ती मुख्य स्पर्धेच्या आधीच्या दिवसांत नेली, मोठ्या कोर्टावर, एकेरीतले नावाजलेले खेळाडू बोलावून. स्टेडियम भरलं. क्लबात सगळे खुश होते, बेन इथे असत्या तर केवढा आनंद झाला असता म्हणाले. मीही मोबाइलवर पाहिलं, आणि गर्दी बघून बरंही वाटलं. पण सेट चार-चार गेमचे केले होते. आणि वर्षानुवर्षं दुहेरीच खेळणाऱ्या बऱ्याच जोड्यांना तिथे जागाच मिळाली नव्हती. म्हणजे घर मोठं बांधलं आणि त्यात राहणाऱ्यांना बाहेर ठेवलं. मला तज्ज्ञासारखं बोलता येत नाही. पण दर्जा म्हणजे काय हे मी एका माणसाकडून शिकलो आहे. मोठं कोर्ट हवं, अंपायर हवा, क्रमवारीत गुण हवेत, वर्षभर खेळायला स्पर्धा हव्यात. त्याच्याही आधी, जो खेळ सुरू केला तो शेवटपर्यंत खेळू द्यायला हवा.

या हिवाळ्यात बाईंच्या मुलीचा फोन आला. आई रोज ऊन कलायला लागलं की बूट घालून दाराशी बसते, ती म्हणाली. तिसरा सेट राहिलाय म्हणते. उजेड जाईल म्हणून घाई करते. तुमच्याबरोबर खेळायची ना ती, तुम्ही सांगून बघता का?

“मी आठवतो का त्यांना?”

ती म्हणाली, “तुम्हाला खरं सांगू का? बहुतेक नाही.”

तिने फोन बाईंकडे दिला. मी म्हणालो, “बाई, मी बोलतोय. बडोद्याहून.”

पलीकडे श्वास ऐकू आला. मग त्यांचा आवाज, अगदी स्वच्छ, पण मी कधी न ऐकलेला, मुलीसारखा. “कुठे राहिलास इतका वेळ? ये ना लवकर. ऊन जाईल.”

त्या मला भाऊ समजत होत्या. आमचा सेट त्यांच्यातून निघून गेला होता, आणि तो निघून गेल्यावर त्यांच्यापाशी उरला होता तो जुना, अर्धाच. मी ‘येतो’ म्हणालो असतो तर त्या त्या दिवशी शांत झाल्या असत्या. पण दुसऱ्या दिवशी पुन्हा बूट घालून बसल्या असत्या, आणि मी आलो नसतो. एक माणूस तसं सांगून आधीच गेला होता.

मी ‘येतो’ म्हणालो नाही. फोन ठेवल्यावर मुलीला कळवलं की मी पत्र लिहितो, ठळक अक्षरात. रोज ऊन कललं की त्यांना वाचून दाखवा. पाठवलं ते असं.

बाई, नमस्कार.

तिसरा सेट झाला. पुढच्या कोर्टावर झाला. अंपायर होता, पायऱ्यांवर माणसं होती. सुरू होण्याआधी आपण चौघांनी वाकून मांजा वेचला होता. उजेड गेला तेव्हा दोन दिवे लावले, आणि कुणीही सामना थांबवला नाही. समोरच्या डॉक्टरीणबाईंनी थांबवू दिला नाही.

पहिला सेट आपण जिंकलो, दुसरा ते जिंकले, तिसरा ते सात-पाच असा जिंकले. आपण हरलो. तुम्ही हसत होतात.

शेवटचा चेंडू मधून आला. तो तुमच्या भावाचा होता. मी त्याला जागा करून दिली, तुम्हीही दिलीत. त्याने तो घेतला की नाही हे मला सांगता येणार नाही, पण आपण दोघांनी तो त्याच्यासाठी सोडला होता हे मी पाहिलं आहे. चेंडू तुम्ही स्वतः उचलून आणलात आणि ‘संपला एकदाचा’ असं म्हणालात. माझ्यापाशी दुसरा पुरावा नाही. मी तिथे होतो, एवढाच.

आता डॉक्टरीणबाई क्लबाच्या कमिटीत आहेत. यंदा मिक्स्डचा अंतिम सामना त्यांनी सकाळी लावला, पुढच्या कोर्टावर, सगळ्यांच्या आधी, तीन सेटचा. संपला तेव्हा ऊन डोक्यावर होतं. लिंबू-चमचा मागच्या कोर्टावर झाला.

माझी आई बरी आहे. तुमची चौकशी करते. तिला मी सांगितलं आहे, की माझ्यामुळे तुमचं नाव गेलं नाही.

बाई, आता घाई नाही. उजेड गेला तरी चालेल. बूट काढून ठेवा. सेट पूर्ण झाला आहे.

तुमच्या उजव्या बाजूला उभा राहायचो, तो मी.